आमाला बोलतं ठेवणारे

तिबेटी संस्कृती वाचवायची असं सौमित्रने ठरवलं तेव्हा त्याच्या ओळखीत एकही तिबेटी माणूस नव्हता. त्याला ही काही अडचण वाटली नाही. क्युपर्टिनोतली कंपनी विकून तो जर्सी सिटीत आला होता, हाताशी वेळ होता, आणि वाचवायला काहीतरी हवंच होतं. देवमाशांचं आधीच कुणीतरी बघत होतं.

आमा त्याला मिळाली ती ऋतामुळे. ऋता त्याच्याकडे अर्धवेळ काम करायची. अर्धवेळ म्हणजे तिची तान्ही अनिका झोपली की. शेजारच्या फ्लॅटमध्ये यांगझोम नावाची नर्स आणि तिची म्हातारी आई राहायची. तिबेटीत आई म्हणजे आमा, म्हणून सगळा मजला तिला आमाच म्हणायचा. ही आमा लहानपणी स्वतःच्या आईच्या पाठीवर बांधलेली तिबेटमधून निघाली, गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत वाढली आणि दर हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकत बसली. ऋता नागपूरचीच. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये आमाने तिला झापलं होतं, "लेकराला टोपी नाही? काय करून राहिली तू, बाई?" या देशात इतक्या हक्काने तिला कुणी रागावलं नव्हतं.

मग दुपारी आमा अनिकाला मांडीवर घेऊन याकच्या, भुतांच्या, हरवलेल्या खिंडींच्या गोष्टी सांगायची आणि ऋता फोनवर रेकॉर्ड करून घ्यायची. अनिका आमाच्या गालावरच्या सुरकुतीतून बोट फिरवत ऐकायची. त्या आवाजावरून सौमित्रच्या लोकांनी त्याच्या नव्या ॲपमध्ये एक आमा बनवली. काहीही विचारा, ती आमाच्याच आवाजात उत्तर देई. खऱ्या आमाला ते ऐकवलं तेव्हा ती पोट धरून हसली. "ही माझ्यापेक्षा हुशार आहे," ती म्हणाली, "पण हिला गप बसता येत नाही."

मार्चमध्ये आमा गेली.

"सो सॅड, यार," सौमित्र फोनवर म्हणाला. एक श्वास घेतला. "पण स्टोरी आता अजून पॉवरफुल झाली. रविवारी लाँचला तीच बोलेल."

त्याच संध्याकाळी यांगझोम ऋताच्या दारात उभी राहिली. तिने घरातले आमाचे फोटो भिंतीवरून उतरवले होते.

"आमच्या घरात सात आठवडे गेलेल्याचं नाव घेत नाहीत," ती म्हणाली. "हाक ऐकली की माणूस मागे वळतं, पुढच्या जन्माची वाट चुकतं. आणि तुम्ही लोक तिला बोलायला लावून राहिले."

"मी सांगते त्याला."

"सांगू नको. बंद कर."

ऋताने तरी आधी सांगून पाहिलं.

"मी सेन्सिटिव्ह आहे, ऋता. पण हे सुपरस्टिशन झालं ना? आपण त्यांचं कल्चर प्रिझर्व्ह करतोय."

"हेच त्यांचं कल्चर आहे, सौमित्र."

"हो, पण हे डेमोत दिसत नाही."

"मग लाँच पुढे ढकल."

"हॉल बुक आहे. माझे नरेंद्रकाका-रेखाकाकू पार अ‍ॅशबर्नहून ड्राइव्ह करून येतायत."

रविवारी सकाळी सौमित्रने गळ्यात पांढरा खाता घातला होता. हे रेशमी उपरणं तिबेटी लोक पाहुण्याच्या गळ्यात घालतात. याने ते स्वतःच स्वतःला घालून घेतलं होतं. रेखाकाकू मोमो हातात धरून म्हणत होत्या, "हे आपले मोदकच की. फक्त गोड नाहीत." नरेंद्रकाकांना ही मंडळी किती शांत असतात याचं कौतुक होतं. एकाशीही ते कधी बोलले नव्हते, तेव्हा शांतच वाटणार. बोलावलेल्यांत तिबेटी एकच होती, आणि ती मेलेली होती.

ऋता लॅपटॉपपाशी बसली, अनिका छातीशी बांधलेली. सौमित्रने आवाज तपासायला बटण दाबलं. "ताशी देलेक," स्पीकरमधून आमाने तिबेटीत नमस्कार केला.

अनिकाने झटकन मान वळवली. दाराकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे, मग पुन्हा दाराकडे. तिचा इवला हात हवेत तसाच थांबला, गाल शोधत.

ऋताने तो हात धरला, ओठांशी नेला. मग दुसऱ्या हाताने ॲपमधली आमा पुसून टाकली. बॅकअपसुद्धा. गोष्टींची मूळ रेकॉर्डिंगं तिने आदल्या दिवशीच यांगझोमच्या हवाली केली होती.

"आमा," सौमित्र माइकवर कळवळून म्हणाला, "आज आम्हाला काय सांगाल?"

स्पीकरमधून काहीच आलं नाही.

"म्यूटवर असेल," नरेंद्रकाका म्हणाले.

सौमित्र खाली वाकून पुटपुटला, "ऋता?"

"काढून टाकला आवाज. परत येणार नाही."

त्याचा चेहरा क्षणभर खरा झाला, अगदी माणसासारखा. पण तो सौमित्र होता. तो ताठ झाला, डोळे मिटले, माइक जवळ घेतला. "फ्रेंड्स, हीच ती शांतता. तिबेटी परंपरेत सात आठवडे मौन असतं, आणि आमचं ॲप ते पाळतं. आम्ही याला शोक-मोड म्हणतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रेखाकाकूंनी डोळे टिपले. कुणीतरी विचारलं, हा मोड हिंदूंसाठीही मिळेल का.

वाजवा टाळ्या, ऋताने मनात म्हटलं, आणि बॅग उचलून निघाली.

यांगझोमने दार किलकिलं केलं. "बोलली?"

"लोकांसमोर एक शब्द नाही."

यांगझोमने मान हलवली. दार पूर्ण उघडलं, अनिकाला ऋताकडून उचलून घेतलं आणि चहाखालचा गॅस बारीक करायला आत गेली.