वहिनींचा सर्व्हर
दिराला नोकरी वहिनींनी आपल्याच कंपनीत लावून दिली आणि वहिनींची नोकरी घालवली ती दिरानं. घरात हे उघड बोलायची कुणाची छाती नव्हती.

दवाखान्यांच्या वेळा नोंदवणारा सर्व्हर वहिनींनी लिहिला होता. तो मेमरी खाऊन खाऊन फुगायचा आणि ऐन कामाच्या वेळी मान टाकायचा. वहिनी म्हणत, दोष कोडमध्ये आहे, घेतलेली मेमरी ते परत करत नाही, दुरुस्तीला काही महिने द्या. दीर पडला उतावळा. “कशाला डोंगर पोखरताय, वहिनी? अ‍ॅलोकेटर बदलू!” अ‍ॅलोकेटर म्हणजे मागेल त्याला मेमरी वाटणारा आणि परत घेणारा कारभारी. दिरानं असे दोन-तीन कारभारी चालवून पाहिले, त्यातला चपळ निवडला, सुरू करायच्या फाइलीत त्याची ओळ घातली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मेमरीचा फुगलेला आलेख खाली आला. साहेब खूश. “मग महिने हवेत कशाला?” म्हणाले, आणि वहिनींना नारळ दिला.

वहिनींनी पुढच्या मुलाखतीही नाकारल्या. “मला काही येत नाही रे, उगाच मिरवत होते,” म्हणायच्या.

एके दिवशी भलतंच काही शोधताना दिराला दिसलं, सर्व्हर दुसऱ्याच फाइलीतून चालू होतो. तिथं त्याची ओळ नव्हतीच. नवा अ‍ॅलोकेटर क्षणभरही कामाला लागला नव्हता. पुन्हा चालू केलेला सर्व्हर काही काळ हलका राहतोच, त्यात सुट्ट्यांमुळे वर्दळ कमी होती. एवढंच याचं कर्तृत्व! आणि आलेख परत चढू लागला होता.

तो तसाच साहेबांकडे गेला, तिथून घरी. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. “तुमचंच बरोबर होतं, वहिनी.”

त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी. “साहेबांना सांगितलंस?”

“हो.”

“मग? काय म्हणाले?”

त्याला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. “म्हणाले, रोज पहाटे बंद करून चालू करा. तेवढ्यानं भागतंय.”

वहिनींनी हातातला सदरा घडी घालून ठेवला, दुसरा उचलला.

“म्हणजे बरोबर असूनही नकोच होते मी,” त्या म्हणाल्या. “चुकले होते, हेच बरं होतं रे.”