कौलांची टाळी

"हात झग्याच्या आत ठेवा, आणि जीभ दातांच्या आत," तर्शियाने नवऱ्याला बजावलं.

चौकात सम्राटाच्या पुतळ्याला दोर बांधत होते. परवाच त्या बापड्याने पळता पळता स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली होती, आणि रोमचं लग्नघर झालं होतं. त्याच्या पदरचा माणूस सापडला की लोक बडवून टायबर नदीत टाकत होते.

विबियस ना मंत्री, ना सेनापती. सम्राट नाट्यगृहात गायला उभा राहिला की पगारी टाळ्या वाजवायच्या, एवढाच त्याचा धंदा. त्यातही प्रकार होते. 'मधमाशी' म्हणजे नुसती गुणगुण. 'वीट' म्हणजे सपाट तळव्यांचा दणका. आणि 'कौल' म्हणजे पोकळ तळव्यांची, कौलांवर सर पडावी तशी टाळी. विबियसची कौलं वाजली की टेकडीवरच्या बायका वाळत घातलेले कपडे आत घेत. सम्राटाचा गळा फुटक्या मडक्याचा. पण त्या सरीत तोही ओलसर, गोड वाटे.

पुतळा कोसळला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय हो विबियस," शेजारचा तेलवाला ओपियस म्हणाला, "तुम्हाला आनंद नाही झाला?"

माणसं वळून बघू लागली. विबियसने हात बाहेर काढले. अडाण्यासारखी टाळी पिटायची, असं त्याने ठरवलं होतं. पण हातांना तशी येईना. कौलं वाजली. वरच्या मजल्यावरच्या बाईने झटकन चादर आत ओढली.

ओपियस जवळ सरकला.

"ही टाळी नाट्यगृहात ऐकलीय मी," ओपियस म्हणाला.

"ऐकणारच," तर्शिया पुढे झाली. "तुम्ही तिथंच होतात की, ओपियसभाऊ. मागून तुम्हीही पिटत होतात. हे सगळेच पिटत होते."

कुणी पायांकडे बघू लागलं, कुणी पुतळ्याकडे. ओपियस ओशाळं हसला. "बरं, नवा सम्राट येतोय. त्यालाही टाळ्या लागतीलच. शब्द टाकू का?"

"त्याला गाता येत नाही म्हणे," विबियस म्हणाला.

"याला तरी कुठं येत होतं?"

"नव्हतं येत. पण हा गायचा."

आणि त्याने हात पुन्हा झग्यात घेतले.

संध्याकाळी दोघं बागांच्या टेकडीकडे गेली. तर्शिया पायथ्याशी थांबली, विबियस एकटाच वर गेला. वर सम्राटाच्या थडग्यावर कुणीतरी फुलं ठेवून गेलं होतं. थोड्या वेळाने तिला बारीक गुणगुण ऐकू आली. फुलांवर मधमाश्या बसल्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि कुणी येत तर नाही ना, म्हणून रस्त्याकडे बघत उभी राहिली.