नऊ दिवस गैरहजर

“मशीन खोटं बोलत नाही, काका,” मोबाइलवरची नजर न हलवता साहेब म्हणाले.

“मग नऊ दिवस कारखान्यात वाफ कुठून आली? आभाळातून पडली?” मस्टरकाकांचा आवाज केबिनबाहेर गेला. बाहेर बॉयलरवाला उभा होता. त्याच्या हातात घामानं मऊ पडलेलं पत्र होतं. सलग नऊ दिवस विनापरवाना गैरहजर, सबब सेवा समाप्त.

मस्टरकाका कापड रंगवायच्या त्या कारखान्यात हजेरी कारकून होते. अठ्ठावीस वर्षं काखेत मस्टर मारून ते खात्याखात्यातून फिरले, माणसाचं तोंड बघून हजेरी लावली. चार वर्षांपूर्वी दारांवर अंगठ्याची मशीनं आली. मस्टर कपाटात गेलं, नाव तेवढं उरलं. आता गैरहजरांची यादी छापायची, सही ठोकायची, वर पाठवायची. या यादीवरही पहिली सही त्यांचीच होती. न वाचता केलेली. साहेबांवरच्या रागापेक्षा स्वतःवरचा राग जास्त जाळत होता.

ते बाहेर आले.

“पत्र परवा घरी आलं,” बॉयलरवाला म्हणाला. “सुनेनं वाचलं. विचारते, बाबा, रोज डबा घेऊन जाता तरी कुठे? बायको तर बोलतच नाही. बत्तीस वर्षांचा संसार, काका. या वयात घरचे, गल्लीतले माझ्याकडे संशयानं बघतात.”

“चल,” मस्टरकाका म्हणाले.

मागच्या दारानं एकटा बॉयलरवालाच ये-जा करायचा, म्हणून तिथलं मशीन बिघडल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. त्यानं अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. ‘धन्यवाद,’ मशीन मंजुळ आवाजात म्हणालं.

“धन्यवाद म्हणे!” मस्टरकाकांनी भिंतीवर मूठ आपटली आणि मशीनच्या कंपनीला फोन लावला.

“सर, बंद करून चालू करा,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“तीनदा केलं, बाई.”

“वायर निघालीय का बघा.”

वायर धरून ते गोदामातून, जिन्याखालून, कोळिष्टकांतून शेवटच्या डबीपर्यंत गेले. कुठे तुटली नव्हती, की निघाली नव्हती. मग मुलीनं त्यांच्याकडून मशीनचा नेटवर्कवरचा नंबर वाचून घेतला आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळ्या नंबरांची यादी उघडायला लावली.

“सर, हाच नंबर दुसऱ्या एका वस्तूला दिलाय. एका पत्त्यावर दोन घरं झाली. म्हणून तुमच्या मशीनचं काही पुढे जात नाहीये.”

“कुठली वस्तू?”

“कॅमेरा दिसतोय.”

कामगार चहाला किती वेळ लावतात ते केबिनमधून दिसावं, म्हणून साहेबांनी दोन आठवड्यांपूर्वी कॅमेरा बसवून घेतला होता.

मुलीनं सांगितलं तसा मशीनला नवा नंबर दिला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कॉम्प्युटरवर ओळी उतरू लागल्या. येण्याची वेळ, जाण्याची वेळ. मशीननं सगळं पोटात ठेवलं होतं. नऊच्या नऊ दिवस.

मस्टरकाकांनी कागद छापला आणि साहेबांच्या टेबलावर आपटला.

“झालं ना दुरुस्त?” साहेब म्हणाले. “सांगा त्याला, उद्यापासून ये.”

“आजही तो कामावरच आहे. त्याला पत्र द्या. चूक आपली होती, असं लिहून.”

“पत्रबित्र कशाला? लेखी दिलं की लोक कोर्टात जातात.”

“घर मोडायला लेखी चाललं, आणि सांधायला तोंडी?”

“काका, आवाज खाली.”

मस्टरकाका आपल्या टेबलाशी गेले. कंपनीचा कोरा कागद ओढला आणि हातानं लिहायला बसले. अक्षर रागानं तिरकं पडत होतं. शेवटी लिहिलं, ‘यादी न तपासता मी सही केली.’ खाली नाव घातलं, शिक्का मारला.

साहेब दारात येऊन उभे राहिले. “तुम्हाला असं पत्र द्यायचा अधिकार नाही.”

“त्याला गैरहजर ठरवायचा होता ना? तोच वापरतोय.”

“तुमच्याही नावाचं पत्र निघेल.”

“काढा. फक्त या वेळी वाचून सही करा.”

पाळी सुटल्यावर ते बॉयलरवाल्याच्या घरी गेले. सुनेनं खुर्ची पुढे केली, पाणी आणलं. बायको आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. मस्टरकाकांनी पत्र काढलं आणि वाचायला लागले. एकेक तारीख. आला पाच बावन्नला, गेला दोन दहाला. आला पाच एकोणपन्नासला. सुनेची मान खाली गेली. बायको उंबऱ्यावरच खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून राहिली.

“चूक संपूर्णपणे कार्यालयाची आहे. यादी न तपासता मी सही केली,” मस्टरकाकांनी शेवटची वाक्यं वाचली आणि पत्राची घडी घालू लागले.

बॉयलरवाला भिंतीपाशी उभाच होता. तो पुढे झाला, रस्त्याकडची खिडकी त्यानं सताड उघडली.

“तारखा पुन्हा वाचा, काका,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं.”

मस्टरकाकांनी चष्मा पुसला, घडी उलगडली आणि पहिल्या तारखेपासून सुरुवात केली.