चिमणीत पेटलेलं तीर्थ

मनुबाईच्या सोप्यात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शिलाई मशीन, तिला झेंडूचा हार, समोर उदबत्तीचा अख्खा पुडा एकदम पेटवलेला. पाटावर सूत्रनाथ महाराज. अंगावर भगवं, मनगटावर भारीतलं घड्याळ.

"हिची मान आखडली आहे," महाराज मशीनवरून हात फिरवत म्हणाले. "आत कोणीतरी बसलंय. मी उठवतो त्याला. सगळ्यांनी डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. गावच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, डोळे मिटायचा पगार मला मिळत नाही.

महाराजांनी झोळीतून तीर्थाची बाटली काढली, मशीनच्या भोकाभोकात तीर्थ सोडलं आणि मंत्र पुटपुटत चाक मागंपुढं केलं. महिनाभर जागचं न हललेलं चाक कुरकुरलं, मग सुटलं. आवाजासरशी सगळ्यांनी डोळे उघडले. सुई खालीवर नाचायला लागली, आणि खाली अंथरलेल्या पांढऱ्या कापडावर टपकन लाल थेंब पडला. मागोमाग दुसरा.

"रगात आलं गं बाई," शेजारची अंबूबाई म्हणाली, आणि निम्मा सोपा पाया पडला. त्यात माझे तीन जुने विद्यार्थी होते. एकाला मी विज्ञानात ब्याऐंशी मार्क दिले होते. ते परत घ्यायची सोय नाही.

आता खरी गोष्ट सांगते. मशीन मनुबाईची, तीस वर्षं वापरलेली. नजर अधू झाल्यावर तिनं ती सुनेला, संयोगिताला दिली. पोरगी पाटणची, हात सुरेख. वैशाखात लग्न होऊन कवठे महांकाळ तालुक्यातल्या या आमच्या गावात आली आणि चार महिन्यांत गावच्या बायका तिच्याकडेच ब्लाऊज टाकायला लागल्या. खंडेनवमी झाली आणि आठवड्यात मशीन बसली. "सून आली आन् मशीन बसली," मनुबाई जो येईल त्याला सांगायची. तेच महाराजांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निदान केलं, सुनेचा पायगुण. बुवा नवीन काही सांगत नाहीत. आपल्या पोटात असतं तेच आपल्याला मोठ्यानं ऐकवतात.

त्या गुरुवारनंतर मशीन चार दिवस चालली, परत बसली. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तीर्थ, पुन्हा रक्त, पुन्हा चार दिवस. मग फर्मान निघालं: येत्या गुरुवारी शेवटचा विधी, त्या दिवशी सुनेला कायमची माहेरी पाठवा, मशीन मी मठात नेतो. संयोगिताचा नवरा साईराज एवढंच म्हणाला, "आई म्हणतीय तर..." एवढा थोरला गडी, वाक्य काही पुरं करता आलं नाही त्याला.

मी भांडायला गेले. मनुबाई म्हणाली, "खोटं हाय म्हणताय न्हवं बाई? मग रगात कुठनं आलं, त्ये सांगा की." मला सांगता आलं नाही. लय लाज वाटली.

मग मी नूरजहांकाकींकडे गेले. त्यांचा नवरा अमीर मशीनी दुरुस्त करायचा, त्याच्यामागं त्या करतात. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "चार दिस चालून परत बसती व्हय? बरं. गुरुवारी येते."

गुरुवारी सकाळीच त्या मनुबाईच्या दारात हजर. "मनुवयनी, मळकी मशीन मठात कशी द्यायची? पुसून तरी देते." याला मनुबाई नाही कशी म्हणणार?

काकींनी सोप्यात वर्तमानपत्र पसरलं, हार बाजूला ठेवला, उदबत्त्या बाहेर नेऊन लावल्या. एकेक झाकण काढलं, स्क्रू ओळीनं ताटलीत मांडले. आतून खवट खोबरेलाचा भपका आला. मग केसातला आकडा काढून तेलाच्या भोकात फिरवला. लाल-काळा चिकट गोळा बाहेर निघाला. तो त्यांनी मनुबाईच्या तळहातावर ठेवला.

"वळखा."

मनुबाईनं हुंगलं. बोटानं चोळलं. "कुंकू हाय ह्ये."

"खंडेनवमीला मशीन पुजताय न्हवं?"

"मग? पोटाला घालती ती. तिच्या एकेका तोंडाला हळद, कुंकू, वर खोबरेल. तीस वरीस चुकवलं न्हाई."

"ती तोंडं न्हाईत वयनी, तेलाची भोकं हायती. तीस वर्साचं साठून पाक गच्च भरल्याती."

तेवढ्यात महाराज आले. मागोमाग गर्दी. उघडी मशीन बघून त्यांचा चेहरा उतरला. "विटाळ केलात," ते गरजले.

"केला," काकी म्हणाल्या. "आता जरा तीर्थ द्या."

"बायकांनी हात लावायचा नसतो."

दाराशी बॅग भरून उभी असलेली संयोगिता पुढं आली, झोळीतून बाटली उचलली आणि काकींच्या हातात दिली. काकींनी पिशवीतून जुनी चिमणी काढली. रेशनचं रॉकेल गेल्यापासून पोरांनी हा वातीचा दिवा पाहिलेलासुद्धा नाही. तिच्यात तीर्थ ओतलं, वात भिजू दिली, काडी लावली. चिमणी झकास पेटली.

"आरं, ह्ये तर राकेल," म्हातारे कोंडीबा म्हणाले.

"राकेलनं घट्ट तेल सुटतं, म्हणून चाक फिरतं," काकी म्हणाल्या. "जुनं कुंकू वाहून येतं, त्ये तुमचं रगात. वास येऊ नये म्हणून उदबत्त्यांचा पुडा. चार दिसांत राकेल उडून जातं, आत तेलाचा थेंब न्हाई, मशीन परत बसती. म्हंजी परत गुरुवार."

"साक्षात देव अग्निरूपानं प्रकटला," महाराज हात जोडून म्हणाले. या बाबतीत माणूस हुशारच.

"मग उरलेला देव घोटभर प्या."

महाराजांनी घड्याळ बघितलं. आज त्यांचा कडक उपास होता म्हणे. उपासाला रॉकेल चालत नसावं, कारण ते झोळी तिथंच टाकून गेले.

काकींनी मशीन धुऊनपुसून जोडली, मशीनचं तेल सोडलं. चाक बोटानं फिरलं, सुईखाली अंथरलेलं कापड पांढरंच राहिलं. मनुबाई सुनेकडं न बघता म्हणाली, "बस की गं मशीनवर."

संयोगिता बसली नाही. "आत्याबाई, मशीनीला काय झालंय त्ये शेवटी कुणीतरी उघडून बघितलं," ती म्हणाली. "मला तर कुणी इचारलंबी न्हाई."

मनुबाईच्या तळहातावर कुंकू तसंच होतं. "चुकलं माजं," ती म्हणाली. मग खाली वाकून तिनं बॅग उचलली आणि घरात नेली.

तुम्हाला एवढंच सांगते. पूजा करा, कोण नको म्हणतंय? पण कळलं नाही तर पाया पडायच्या आधी झाकण उघडा, आणि उघडता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. आणि घरातली वस्तू बिघडली म्हणून घरातल्या पोरीला दारात उभं करू नका.