नोंद पुसण्याचा हक्क

थोरलीला साखरेचा आजार होता आणि तो साऱ्या वस्तीला ठाऊक होता, कारण कारभाऱ्याने तो भर अंगणात वाचून दाखवला होता. त्याला आजाराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या हातात मालकांच्या कचेरीतल्या यंत्राने छापलेला कागद होता, तेवढा तो वाचत होता. "मंगळवार. दहा वाजून वीस, बांधाआड. साडेअकरा, बांधाआड. एक वाजता, पुन्हा बांधाआड. काय गं, तिकडे सोनं पुरून ठेवलंयस का?" माणसं खो खो हसली. न हसून करतात काय? पुढचा कागद आपलाही असू शकतो म्हणून जो तो आधीच हसून घेत होता. त्या दिवसापासून कारभारी तिला "तीनदा" म्हणायला लागला, आणि आठवड्याभरात शेंबडी पोरंही तेच म्हणायला लागली.

मालकांची जमीन नऊशे एकर, आणि ती कसणारी घरं एकेचाळीस. पिकाचा तिसरा वाटा कसणाऱ्याचा, बाकी मालकांचं. कागद म्हणाल तर एकाच्याही हातात नाही. वर दर दोन वर्षांनी कारभारी सगळ्यांचे तुकडे बदलायचा. विहिरीकाठचा माळावर, माळावरचा ओढ्याशी. कशाला, तर "ही जमीन मी कसतो" असं बोट दाखवून कुणालाच म्हणता येऊ नये. थोरली अठरा वर्षं अशी तुकड्या-तुकड्याने फिरली. तिचा नवरा गेला. धाकटीचा, म्हणजे तिच्या जावेचा नवरा शहरात कामाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून दोघी जावा आणि धाकटीच्या दोन पोरी एकाच खोपटात राहत होत्या. खोपटाखालची जागाही मालकांचीच.

सात वर्षांपूर्वी मालकांनी सगळ्यांना फोन वाटले होते. फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक हरखले. फोन दिवसभर कमरेला हवा, त्यात 'हजेरी' नावाचं ॲप, आणि कोण कुठल्या तुकड्यात किती वेळ उभं आहे, किती वेळ बसलं आहे, ते सगळं कचेरीतल्या पडद्यावर. फोन घरी ठेवला की वाट्यात कपात. माणसाने माणसावर नजर ठेवली तर डोळा चुकवता तरी येतो, ह्याला कसा चुकवणार?

थोरलीचा लेक शहरात कॉम्प्युटरच्या कामात होता आणि एका संघटनेतही होता. आपली माहिती ही आपली मालमत्ता, ती कुणी आपल्या परवानगीशिवाय गोळा करू नये, केली तर पुसून टाकायला लावायचा आपल्याला हक्क आहे, असं ती संघटना म्हणायची. बांधाआडची गोष्ट त्याला कळली तेव्हा पोरगा रडला. खरोखर रडला, त्यात खोट नव्हती. मग डोळे पुसून म्हणाला, "आई, सगळ्या वस्तीच्या वतीने आपण खटला घालू. वादी तू."

वस्तीत दुसरी एक संघटना होती, जमिनीची. ती चालवायचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, आणि भांडणातून कधीच निवृत्त न झालेले. नवं सरकार जमिनीचा कायदा आणणार होतं: सहा वर्षं सलग जो कसेल त्याची जमीन. तुकडे बदलले असले तरी चालेल, मालक तोच असला म्हणजे झालं. पुरावा कसलाही चालेल, कागदाचा किंवा यंत्राचा. खटल्याचं कानावर येताच मास्तर धापा टाकत खोपटाशी आले.

"थोरल्या बाई, दोन महिने थांबा," ते म्हणाले. "त्या यंत्रात सात वर्षांची रोजची नोंद आहे. एकेका माणसाची, तुकड्यासकट. आपण कसतो ह्याचा पुरावा मालकांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलाय. आणि तुम्ही तो पुसायला निघालात?"

"पाळतीचा पुरावा वापरला म्हणजे पाळत कबूल केली," लेक म्हणाला. "उद्या प्रत्येक मालक म्हणेल, बघा, तुमच्याच भल्यासाठी होतं."

"तुझं तत्त्व घे आणि उशाशी ठेव. इथे एकेचाळीस घरांचा प्रश्न आहे."

"कायदा झालाय कुठे अजून? असले कायदे निवडणुकीपुरते असतात, मास्तर."

दोघं हमरीतुमरीवर आले. शेवटी मास्तर तिच्याकडे वळले. वादी ती होती. तिने थांबा म्हटलं असतं तर खटला तिथेच थांबला असता. आणि थोरलीला मास्तरांचं पटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण एकीकडे पोटचा पोर, आणि दुसरीकडे तो कागद, बांधाआड, बांधाआड, बांधाआड. तो त्या यंत्रात अजून होता. कारभाऱ्याला हवा तेव्हा निघत होता. तो नाहीसा व्हावा म्हणून तिने तर दहा एकरही दिले असते, आणि एकेचाळीस घरांचे मिळून किती एकर होतात ह्याचा हिशोब त्या क्षणी तिने केला नाही.

"मला थांबायचं नाही," ती म्हणाली.

लेकाने अर्ज लिहिला. त्यात एक ओळ होती: माझा आणि मालकांचा कामाचा वा कुळाचा कोणताही संबंध नाही, सबब त्यांना माझ्यावर नजर ठेवण्याचा अधिकार नाही. तिने विचारलं, असं कसं रे, संबंध तर आहे. तो म्हणाला, संबंध आहे म्हटलं की मालक म्हणणार माझ्या कामाच्या माणसांवर मी नजर ठेवणारच. ही नुसती कायद्याची भाषा असते. तिने सही केली.

मालकांचे वकील कोर्टात इतके गुळमुळीत बोलले की लेकाचा वकीलच बुचकळ्यात पडला. निकाल लागला. सगळ्यांची नोंद पुसायची. एकही प्रत कुणी ठेवायची नाही, ठेवली तर तुरुंग. आणि वादीची नोंद मालकांनी ह्यापुढे कधीही, कुठल्याही प्रकारे ठेवायची नाही.

पुसायच्या दिवशी कचेरीत तिला खुर्ची दिली. कारभाऱ्याने स्वतः चहा आणला. "बसा बाई," म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून तिला "बसा" ऐकू आलं. तिथेच खरं तर मनाला शंका चाटून जायला हवी होती. पण ती हरखली. लेकाने दाखवलं तिथे तिने बोट ठेवलं. पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत गेली आणि संपली. संघटनेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. कारभाऱ्यानेही वाजवल्या.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. कोर्टाने तपासायला म्हणून लेकाला ती सगळी नोंद आधी दिली होती आणि त्याने तिची प्रत कॉम्प्युटरला लावायच्या एका छोट्या डबीत ठेवून घेतली होती. परदेशात एका परिषदेत त्याला पाळत म्हणजे काय असते ते दाखवायचं होतं. हे त्याने फक्त आईला सांगितलं, मोठ्या कौतुकाने.

तीन आठवड्यांनी जमिनीचा कायदा मंजूर झाला.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत ठेवली होती. भिंतीशी गाद्या रचलेल्या, वर दोरखंड लोंबताहेत, आणि मध्ये टेबल टाकून अधिकारीबाई बसलेल्या. बाई चांगल्या होत्या. थकलेल्या होत्या, पण ऐकून घेत होत्या. एकेचाळीस घरं बाकांवर अंग चोरून बसली होती. धाकटी थोरलीला खेटून बसली होती आणि दोन्ही पोरींना धुतलेले कपडे घालून घेऊन आली होती.

मालकांचे वकील उठले. कोर्टात गुळमुळीत बोलणारे हेच का ते, असं वाटावं इतका त्यांना कंठ फुटला होता. "ही माणसं अधूनमधून रोजावर यायची. कसणारे वगैरे काही नाहीत. एकमेकांची साक्ष देतील, पण फायदा सगळ्यांचाच आहे, तेव्हा ती साक्ष काय कामाची? कसलीही नोंद असली तर त्यांनी दाखवावी." मग त्यांनी थोरलीचा अर्ज काढला आणि ती ओळ सावकाश, दोनदा वाचली. कामाचा वा कुळाचा कोणताही संबंध नाही. खाली थोरलीची सही.

बाकांवरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मला तुमचं खरं वाटतंय. पण नुसतं वाटून मला जमीन देता येत नाही. त्या नोंदीची प्रत कुणाकडे असली तर आणा. हुकूम मोडून ठेवलेली असली तरी मी ती पुरावा म्हणून घेईन, कायद्यात सोय आहे. ठेवणाऱ्याचं काय करायचं ते कोर्ट बघेल, ते माझ्या हातात नाही. अर्धा तास देते."

थोरली उठली तेव्हा धाकटीने तिचा हात धरला. "जाऊबाई, तुमच्या पोराला विचारा ना. तो हुशार आहे. त्याच्याकडे काहीतरी असेल."

लेक बाहेर नळाजवळ उभा होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"आहे ना ती?" थोरलीने विचारलं.

"आहे. बॅगेतच आहे."

"मग?"

"दिली तर दोन वर्षं आत जाईन, आई. नोकरी गेली, संघटना गेली. सगळे म्हणतील, दुसऱ्याला पुसायला लावलं आणि स्वतः ठेवलं." त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. "पण मी तुझ्यावर दबाव टाकणार नाही. निर्णय तुझा. तू वादी आहेस."

आता बघा. एकेचाळीस घरं आणि पोटचा पोर, दोन्ही तिच्या हातात देऊन हा मोकळा. तिला वाटलं ह्याच्या थोबाडीत मारावी, आणि त्याच क्षणी हेही दिसलं की ह्याने दाढीसुद्धा केलेली नाही, रात्रभर झोपलेला नाही. त्याला तुरुंगात मारतील. तो दोन दिवससुद्धा टिकायचा नाही. लहानपणी अंधाराला भ्यायचा. ती आत गेली.

"प्रत कुणाकडे आहे का?" अधिकारीबाईंनी विचारलं. "तुम्ही वादी होता म्हणून तुम्हालाच विचारते. शपथेवर सांगा."

धाकटी तिच्याकडे बघत होती. पोरी बघत होत्या. मास्तर बघत होते, आणि त्यांना बहुतेक कळलं होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "कुणाकडे नाही."

मग एकेक घराचा नंबर पुकारला गेला. दावा नामंजूर. दावा नामंजूर. नवव्या नंबरला धाकटी उठून उभी राहिली, तिला वाटलं उभं राहायचं असतं. दावा नामंजूर. मालकांच्या जागेवरची खोपटं तीस दिवसांत रिकामी करावीत, मालकांनी कामावर ठेवलं तर गोष्ट वेगळी. एकेचाळीस नंबर संपायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाहेर लेकाने तिला मिठी मारली. "मला माहीत होतं, आई, तू तत्त्व सोडणार नाहीस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. अरे गाढवा, कसलं तत्त्व? तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ते ऐकून त्याचं काय झालं असतं ते तिला माहीत होतं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो घाईने बस गाठायला गेला.

फाटकाशी कारभाऱ्याने टेबल टाकलं होतं. टेबलावर नवे फोन आणि छापील अर्जांचा गठ्ठा. "मालक काही निर्दय नाहीत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता. "रोजावर या. खोपटं राहू देऊ. फक्त ह्यावर सही करा, की मी माझ्या मर्जीने फोन कमरेला लावतो, माझी नोंद ठेवायला माझी हरकत नाही. आता सगळं कायद्याने बरं का. जबरदस्ती नाही."

जबरदस्ती कशाची? एकेचाळीस घरं पाच मिनिटांत रांगेत उभी राहिली. मास्तर मान खाली घालून निघून गेले. धाकटी पुढे होती. थोरली सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्या पुढच्या माणसाने वळून पाहिलं आणि एक पाऊल लांब सरकला.

तिचा नंबर आला तेव्हा तिने लेखणीसाठी हात पुढे केला. कारभाऱ्याने अर्ज आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्हाला नाही, बाई."

"का?"

"कोर्टाचा हुकूम आहे ना. तुमची नोंद कधीही, कुठल्याही प्रकारे ठेवायची नाही. आम्ही कोर्टाच्या बाहेर कसे जाणार? आणि नोंद ठेवायची नाही तर कामावर कसं ठेवणार?" त्याने अगदी सभ्यपणे हात जोडले. "तुम्ही जिंकलात की."

ती उभीच राहिली. कारभाऱ्याने यादी उघडली आणि बाजूला पोरींना घेऊन उभ्या असलेल्या धाकटीला जवळ बोलावलं. तिच्या कमरेला नवा फोन लागला होता.

"खोपट नंबर नऊ. ज्यांची नोंद आहे तेवढेच राहतील, नाहीतर खोपट खाली करावं लागेल. घरात आणखी कोणी आहे का?"

धाकटीने धाकट्या पोरीचं नाक पुसलं. मग थोरलीकडे पाहिलं. सहा वर्षं दोघींनी एका चुलीवर रांधलं होतं, एका पांघरुणात पोरी निजवल्या होत्या.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी आणि ह्या दोघी. आणखी कोणी नाही."