धाकट्याने उचलायचा वाटा

भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या केवलरामच्या क्वार्टरात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला घरात जो मान मिळाला तो केवलरामच्या सासऱ्यालाही कधी मिळाला नव्हता. खिडकीजवळची वाऱ्याची जागा त्याची. अंगावर बायकोने, सिंधूने, भरतकाम केलेलं पांघरूण. त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही आणि मिरचीची फोडणी दिली की मधलं दार लोटून घ्यायचं. केवलरामची म्हातारी आई मैनाबाई म्हणायची, “एवढं तं मी पोट्टे लहान असतानी त्याइचंबी नाई केलं.”

केवलराम प्लांटच्या स्टोअर्समध्ये होता. कोणता बोल्ट कोणत्या रॅकवर, तो कोणाच्या सहीने बाहेर गेला, हे बघण्यात नोकरी गेलेली. त्यामुळे माणसंही तो रॅकवर लावूनच बघायचा. शेजारचा अमुक ‘वापरून परत येणारा माल’, साडू तमुक ‘भंगार, पण वजनदार’. फक्त सख्खा धाकटा भाऊ तेजराम त्याला कुठल्याच रॅकवर नीट लावता आला नव्हता. तेजराम चरोद्याच्या रेल्वे यार्डात गाड्या जोडायचा-तोडायचा, आणि रिकाम्या वेळात नाटक लिहायचा. दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर दंडार चालायची. तिच्यातला राजा, राणी, चोर, शिपाई सगळे तेजरामच्या डोक्यातून निघायचे.

कॉम्प्युटर दोघा भावांनी मिळून घेतला होता. आई सेक्टर दोनमध्ये, म्हणून कॉम्प्युटरही तिथेच. दर रविवारी तेजराम लोकलने यायचा, आईजवळ बसायचा, सिंधूच्या हातचं जेवायचा, आणि मग दोन बोटांनी टकटक करत राजाला बोलतं करायचा. तो हसायचाही स्वतःच. हसणं स्वयंपाकघरापर्यंत जायचं. त्या घरातला रविवार म्हणजे तेजराम, हे सगळ्यांना माहीत होतं. केवलरामलाही, पण त्याने ते कधी मोजून पाहिलं नव्हतं.

त्याला मोजायला दुसरंच सापडलं. तेजराम आपलं नाटक ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘एकदम नवीन’ अशा नावांनी मशीनमध्ये कुठेही ठेवून जायचा. केवलरामने नीट लावलेल्या कप्प्यांत चोर-शिपाई शिरायचे. एकदा प्लांटच्या कामाचा तक्ता उघडताना समोर राणीचा विलाप आला, त्या दिवशी त्याने ठरवलं.

“तेज्या, मी काय म्हनतो, डिस्कचे दोन हिस्से करून टाकू,” पुढच्या रविवारी तो म्हणाला. “एक सी, एक डी. तुहा तुह्याकडं, माहा माह्याकडं.”

“कर नं भाऊ. तू करशीन ते बरोबरच करशीन.”

पलंगावरून मैनाबाईने मान वर केली. ऐकू कमी यायचं तिला, पण काही शब्द भिंतीपलीकडूनही ऐकू यायचे.

“कायचे हिस्से करून राहिला?”

“डिस्कचे, मा. या मशीनच्या पोटातले.”

“पोटातले असो नाईतं वावरातले. मोठ्यानं वाटे पाडाव अन् लहान्यानं पयले उचलाव. आपल्यात तसंच होते.”

तेजराम हसला. “घे भाऊ. मायनं कॉम्प्युटरलेबी गावचा कायदा लावला.”

रीत तशी शहाणपणाचीच. पाडणाऱ्याला माहीत असतं की आधी दुसरा उचलणार, म्हणून तो वाटे सारखे पाडतो. निदान ज्याने रीत घातली त्याला तसं वाटलं असावं. केवलराम अजून भेटायचा होता त्याला.

सगळ्या फायली आधी फ्लॉपींवर उतरवल्या. राजा-राणी एका फ्लॉपीत मावले, केवलरामचे तक्ते सहा फ्लॉपींत. मग त्याने एका फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. जुना एकसंध हिस्सा मोडायचा का, असं मशीनने विचारलं, मोडला तर आतलं सगळं जाईल असंही बजावलं. केवलरामने ‘हो’ची कळ दाबली. मग नवे दोन पाडले. आठशे एमबीचा सी, बाराशेचा डी.

हे आकडे त्याने आदल्या दिवशीच ठरवले होते. सी लहान, पण मशीन सुरू होतं ते सीवरून. विंडोज तिथे, चाव्या तिथे. ज्याच्याकडे सी, मशीन त्याचं. डी म्हणजे नुसतं प्रशस्त कोठार. आणि तेजरामला प्रशस्त दिसलं की पुरे, हे केवलरामइतकं कोणाला ठाऊक असणार.

“बोल, कोनता उचलतं?”

“फरक काय हाये दोघात?”

“फरक काय रायते? एक लहान, एक मोठा.”

सिंधू दारात चहा घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पडद्याकडे.

“मंग मले मोठा दे,” तेजराम म्हणाला. “माह्या नाटकात मानसं लय रायते.”

“दिला.”

मैनाबाई समाधानाने भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. हिस्से साफ करून सीवर सिस्टिम घालून घेण्यात चहा झाला, दुसरा चहा झाला. मग केवलरामने ऐटीत फ्लॉपी बाहेर काढली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मशीन घुरघुरलं, एक ओळ आली, सिस्टिम सापडत नाही म्हणाली, आणि गप्प. त्याने बंद केलं, चालू केलं. तेच.  मशीनसोबत आलेल्या पुस्तकाची पानं उलटली, आणि बोट एका ओळीवर थांबलं.

“हात्तीच्या. सीले ॲक्टिव कराचं राहून गेलं,” तो घाईत बोलून गेला. “दोन हिस्से असले का सांगा लागते, उठाचं कोनावरून. नाईतं मशीन उठतच नाई.”

“डीले कर मंग ॲक्टिव.”

“डी नाई होत. तो मानच सीचा रायते. डीवरून मशीन सुरू नाई होत.”

म्हणाला आणि थांबला. पण शब्द बाहेर पडले होते, आणि समोरचा माणूस आयुष्यभर यार्डात गाड्या लावणारा होता.

“अच्छा,” तेजराम म्हणाला. “म्हनजे इंजिन तुह्या लायनीवर, अन् माह्या लायनीवर नुसते डब्बे.”

“तसं नाई रे. मशीन उघडलं का डीबी उघडतेच.”

“उघडते नं. तू उघडलं का उघडते.” तेजराम हसत होता, पण ते हसणं स्वयंपाकघरापर्यंत गेलं नाही. “वरच्या बांधीसारखंच केलं भाऊ तू.”

गावची धानाची शेती वाटली तेव्हाही वाटे केवलरामनेच पाडले होते. वरच्या खाचराला, बांधीला, आकार मोठा, वर आंब्याची झाडं. खालची लहान, पण पाणी धरणारी. तेजराम आंब्यांवर भुलला, असं केवलराम इतकी वर्षं मानत आला होता आणि अधूनमधून त्यावर मनातल्या मनात खूशही होत होता.

“तवा तुले सांगतलं नाई म्या,” तेजराम म्हणाला. “वरच्या बांधीत पानी थांबत नाई, हे गावातल्या हेल्या-म्हशीलेबी मालूम होतं. मले नसन का? पन तू इतक्या मेहनतीनं वाटे पाडले होते. मोठा भाऊ हाये, मन मोडू नये, म्हनून उचलला. आताबी ‘फरक काय’ म्हनून इचारलं, ते याच्याचसाठी. म्हटलं, या वेळी भाऊ सांगते का पाहू.”

त्या वेळी केवलराम एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. ‘चुकलं’ म्हणायचं जड गेलं असतं, तर शिवी देऊन पाठीत धपका घातला असता तरी चाललं असतं. भावांमध्ये तेवढ्यावर पुष्कळ काही फिटतं. पण तो स्टोअर्सचा माणूस. त्याने फ्लॉपी परत आत घातली, सीला ॲक्टिव केलं, आणि प्रायमरी म्हणजे काय, एक्स्टेंडेड म्हणजे काय, हे तेजरामला समजावून सांगायला लागला. तेजरामने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मशीन सुरू झाल्यावर “झालं नं सुरू, बेस,” म्हणाला, आईच्या पायांवर हात ठेवला, आणि जेवायला न थांबता लोकल गाठली.

पुढच्या रविवारी तो आला नाही, ड्यूटी असेल. त्याच्या पुढच्याही नाही. मग मधल्या वारी, केवलराम प्लांटमध्ये असताना, येऊन आईला भेटून जाऊ लागला. “फ्लॉपी घेऊन गेले भाऊजी,” सिंधूने एकदा सांगितलं. “यंदाचं नाटक हातानंच लिहून राहिले म्हने.” आणि मशीनवरचं पांघरूण सारखं करून ती आत गेली.

बाराशेचा डी रिकामा पडला होता. केवलराम सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचा. ‘नवीन’ नाही, ‘एकदम नवीन’ नाही. इतकं नीटनेटकं मशीन सबंध भिलाईत नसेल.

शेवटी त्याने दोन्ही हिस्से मोडले. जोडायची सोय त्यात नव्हतीच. मोडल्याशिवाय एक होत नाही. सबंध डिस्कचा एकच सी केला, विंडोज पहिल्यापासून घातली, आणि कोणाला न सांगता चरोद्याला गेला.

तेजरामच्या क्वार्टरात त्याचं स्वागत चांगलं झालं. खरं तर फारच चांगलं. खुर्ची झटकून दिली, चहाबरोबर बाजारातून आणवलेली बालूशाही आली, तीही काचेच्या बशीत.

“म्या दोनी हिस्से मोडून टाकले,” केवलराम म्हणाला. “आता एकच हाये सगळं. तू कुठंबी ठेव तुहं नाटक. ये रविवारी.”

“कावून मोडले?” तेजराम मऊ आवाजात म्हणाला. “बरोबर होते नं. तुमी चहा घ्या, थंडा होऊन राहिला.”

केवलरामला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. जन्मापासून हा भाऊ त्याला ‘तू’ म्हणत आला होता. भांडताना, मार खाताना, लग्नाच्या बोहल्यावर चढवतानासुद्धा.

“बालूशाई घ्या नं अजून. तुमाले आवडते.”

नाटकाचं विचारलं, तर चाललं आहे म्हणाला. आईचं विचारलं, तर परवाच भेटलो म्हणाला. दारं सगळी उघडी होती आणि आत कुठेच जाता येत नव्हतं. निघताना तेजराम स्टेशनपर्यंत पोचवायला आला, वाटेत यार्डाची नवी लाइन दाखवली, गाडी येईपर्यंत सावलीत उभं केलं.

“सावकाश जाजा,” तो म्हणाला. “वहिनीले सांगजा.”

केवलराम डब्याच्या दारात उभा राहिला. काहीतरी जुनं, उद्धट, घरचं बोलावं म्हणून त्याने शोध शोध शोधलं. गाडी हलली.

“हो,” तो म्हणाला. “तुमीबी या कधी.”