लाल रंग फासलेला जिग

मी एक जिग आहे. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. मी म्हणजे वहीच्या आकाराची जाड पोलादी प्लेट, अंगात चार भोकं. विमानाच्या पंखाच्या पत्र्यावर मला बसवायचं आणि माझ्या भोकांतून ड्रिल खाली सोडायचं, म्हणजे हजाराव्या पत्र्यावरही छिद्रं अगदी त्याच जागी पडतात. माझा जन्म त्यासाठी होता. आजवर माझ्यातून एकही छिद्र पडलेलं नाही.

मला घडवलं प्रशिक्षण केंद्रातल्या एका छत्तीस वर्षांच्या बाईनं. वर्गात बाकी सगळे विशीतले, त्यांनी पहिल्याच दिवशी तिला मावशी करून टाकलं. बारा वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. त्या कारखान्याला टाळं लागलं. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. परीक्षेत ज्याचा जिग पास, त्याला विमानाच्या कारखान्यात थेट नोकरी मिळणार होती आणि ही शेवटचीच तुकडी होती.

“मावशी, काज करताय का?” पोरं चिडवायची.

“काज चुकलं तर उसवता येतं,” ती म्हणायची. “इथे ती सोय नाही.”

पाच महिने तिनं मला घासलं, मोजलं, पुन्हा घासलं. गरम पोलाद फुगतं आणि खोटं माप देतं, म्हणून मी थंड होईपर्यंत ती हाताची घडी घालून बसायची. जन्मभर घाई केलेल्या बाईला ते बसणं फार जड गेलं.

मास्तरांचा एक नियम होता. हातातून पडलेलं साधन बाद. ज्याच्या हातून पडलं त्यानं स्वतः येऊन सांगायचं, मग त्या साधनाला लाल रंग फासायचा. आत बारीक तडा गेला असेल तर तो मोजून कळत नाही, असं ते सांगत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच माझं तेल पुसत होती. हात निसटला आणि मी फरशीवर आदळलो. तिनं मला उचललं, आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. बाई, गप्प बस, मी मनात म्हणत होतो, मला काही झालेलं नाही. तिनं मला पुन्हा पुसलं, बराच वेळ पुसलं आणि तशीच मास्तरांकडे गेली.

“मास्तर, हा पडला.”

मास्तरांनी जेवणाचा डबा बंद केला. “कुणी पाहिलं?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस?”

“तुम्हीच शिकवलंत ना. आणि उद्या त्या विमानात कुणीतरी बसणारच की.”

मास्तर उठले. रंग त्यांनी स्वतःच लावला.

ती गेल्यावर ते मला मोजमापाच्या खोलीत घेऊन गेले. चारही भोकं दोनदा मोजली. मी मापातून तसूभरही सरकलो नव्हतो. पण नियम त्यांचाच होता. चष्मा काढून त्यांनी मला आपल्या टेबलावर ठेवलं.

आता केंद्र बंद झालंय. यंत्रं गेली, मी मास्तरांच्या टेबलावर पडून आहे. परवा ती हजेरीचा दाखला न्यायला आली होती. लॉन्ड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते म्हणाली. हात पार सुजलेले. जाता जाता तिची नजर माझ्यावर गेली.

“मास्तर, एक विचारू? तेव्हा मोजला होतात का हा?”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. “मोजला होता. चांगलाच सरकला होता. परीक्षेत बादच झाला असता.”

“असं होय.” तिचे खांदे सैल झाले. “मग काही गेलं नाही माझं. इतके दिवस मनाला नुसतं खात होतं.”

उद्या भंगारवाला येणार आहे. माझं काय व्हायचं ते होईल, त्याचं मला काही वाटत नाही. तुमची आणि तिची कुठे गाठ पडलीच, तर एवढं करा. माझं खरं माप तिला सांगू नका.